गाडी छोटी आहे, आई

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि एकेक ओळ सोडून लिहितेय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत ताण नको. आई, तू आधी एकटीने वाचू नकोस, बाबांना मोठ्याने वाचू दे. तू वाचलंस की मधलंच एखादं वाक्य धरून दिवसभर बसशील.

फोनवर हे बोलणं होत नाही. मी नव्या मोटरसायकलचा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा ‘बरं, जेवलीस का?’ म्हणतात. वहिनीच्या फोनमधला तो चिखलातला फोटो पाहिल्यावर आईचं बीपी वाढलं, हे दादाकडून कळलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे.

गाडी घेतली आहे आणि ती मी ठेवणार आहे. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि तुमचं नको मला या वयातही मोडवत नाही. बँकेत सोमवार ते शनिवार काचेमागे बसून मान आखडते, शुगर काठावर आलीये, डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलंय. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं सांगायचं तर मला ती हवी होती. पोरीला एखादी गोष्ट नुसती हवी असते ना आई, तशी. मागच्या चार वर्षांत मी स्वतःसाठी काय मागितलं ते तुला माहीत आहे.

भाऊकाकांचं नाव तुम्ही दोघंही घेत नाही, मीही घेत नाही. पण दुचाकीचा आवाज उशिरा आला की आई अजून उठून दारात जाते, हे मला ठाऊक आहे. ते सगळं हायवेवरचं होतं, रात्रीचं, ट्रकांमधलं. माझी गाडी त्या रस्त्यासाठी नाहीच. आग्रा-मुंबई रस्त्यावर मी लागते ती फक्त तो सोडण्यापुरती, आणि तीही उजाडल्यावर.

आता गाडीबद्दल. आई, वहिनी म्हणाली असेल ‘भली मोठी आहे’. ती उंच दिसते, मोठी नाही. हीरोची एक्सपल्स, २०० सीसीची. वजन दीडशे किलोच्या थोडं वर. समोरच्या जोशीकाकांच्या मुलाची बुलेट १९० किलोच्या वर जाते. वजन का सांगते आहे, तर दगडगोट्यांत गाडी कधीतरी आडवी होणारच. तेव्हा ती उभ्यानेच, चालण्याच्या वेगात कलंडते, आणि मग ती मला एकटीला उचलता आली पाहिजे. शोरूमच्या मुलाने मोठं इंजिन घ्यायचा फार आग्रह केला. मी म्हटलं, मला उचलता येईल तीच गाडी माझी. पाठ गाडीकडे करायची, गुडघ्यांत वाकायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरायची आणि पायांनी जोर लावत मागे-मागे चालायचं. घेण्याआधी तिथेच उचलून पाहिली. कंबर दुखली नाही.

पुढचं चाक २१ इंचाचं आहे, मागचं १८ इंचाचं. मोठं चाक दगडावरून चढून जातं, छोटं त्याला धडकून थांबतं, एवढंच त्यातलं शास्त्र. दोन्ही चाकं आऱ्यांची, बाबांच्या राजदूत मोटरसायकलसारखी. मिश्रधातूचं चाक दगडावर आपटलं की तडकू शकतं; आऱ्यांचं वाकतं आणि पुन्हा सरळ करून घेता येतं.

दादाने सांगितलं की मी तिला ‘रॅली किट’ लावलं. नाही लावलं. गाडी उंच करणारं ते सामान कंपनीचंच मिळतं, पण त्याने शॉकरची वर-खाली होण्याची चाल पुढे २५० मिलिमीटर होते आणि सीट बरीच वर जाते. माझी उंची आईवर गेलेली! माझे पाय लोंबकळत राहिले असते. कंपनीची मूळ सीट ८२५ आहे, तिथेही माझे नुसते चवडे टेकत होते. मग सीटवाल्याकडून आतला फोम दोन बोटं कमी करून घेतला, कडेने निमुळता केला आणि वर पाणी न शिरणारं रेक्झिन चढवलं. आता पायाचा पुढचा अर्धा भाग भक्कम टेकतो. गाडीच खाली घेणाऱ्या पट्ट्याही मिळतात. मेकॅनिक भैया त्याच लावत होते, मी नको म्हटलं. त्याने पोट जमिनीच्या जवळ येतं आणि हँडलची वळायची चालही बिघडते. खालची २२० मिलिमीटरची मोकळी जागा म्हणजेच तर ही गाडी. तीच घालवायची तर स्कूटर काय वाईट होती?

बाबा, पुढचं तुम्हाला आवडेल. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदलून थोडे जास्त दात असलेलं बसवलं आहे. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये गाडी अगदी सावकाश, न गचके देता चढ चढते आणि सारखा क्लच दाबावा लागत नाही. हायवेवरचा वेग मात्र कमी झाला. लोक गाडीवर पैसे घालतात ती पळावी म्हणून. मी घातले ते ती हळू चालावी म्हणून. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखवा.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प पूर्ण आवळलेले नाहीत. खाली नळवाले वापरतात ती पांढरी टेप गुंडाळून बेताने घट्ट केलेत, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर फिरतं, मोडत नाही. हातांसमोर धातूच्या पट्टीचे गार्ड आहेत, बाभळीच्या फांद्या बोटांना लागत नाहीत. क्लचची एक जादा वायर जुन्या वायरीच्या शेजारून आधीच टाकून ठेवलीये; एक तुटली की दुसरी लगेच जोडायची. ही युक्ती एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितली. तुम्ही दोघं भेटलात तर संध्याकाळ पुरायची नाही.

टायर खडबडीत घातलेत, मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे. माळव्यातल्या काळ्या मातीचं तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि पहिला पाऊस झाला की ती चाकाला थर चढवत जाते, चाकच फिरेनासं होतं. म्हणून या गाडीचं पुढचं मडगार्ड वर, चाकापासून लांब असतं. आई, तुला फोटोत ते चोचीसारखं विचित्र वाटलं तेच. चिखलात हवा थोडी कमी करावी लागते, पण हवा कमी झाली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून निघतो. त्यासाठी आतून टायर धरून ठेवणारा रिमलॉक बसवला आहे. या टायरची एकच खोड, ओल्या डांबरावर पकड कमी. तिथे मी इतकी हळू जाते की सायकलवाले पुढे जातात, आणि ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस मागच्या चाकाला नाही हेही लक्षात ठेवते.

कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारणारच. आयुष्यभर एजी ऑफिसात हिशेब तपासून लोकांच्या चुका काढल्यात, माझी फाइल कशी सोडाल? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मी इंजिन, चॅसिस, रंग कशालाही हात लावलेला नाही. सायलेन्सर कंपनीचाच आहे. भैया म्हणाले, ‘दीदी, दूसरा लगवा लो, आवाज मस्त आएगी.’ मी म्हटलं, आवाज गावातल्या गाईगुरांना कशाला? आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट जागच्या जागी आहेत, टायरचं माप तेच आहे. काढलेले सगळे मूळ भाग, बिलांसह, माळ्यावर खोक्यात आहेत. याल तेव्हा तपासा.

आणि जाते कुठे, तर महूच्या पुढे, जिथे माळवा संपतो आणि विंध्य एकदम खाली निमाडात उतरतो. जाम दरवाजा, अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला. खाली ढग असले की निमाड दिसतच नाही. चोरलकडून कालाकुंडला जाणारी दगडांची आणि पाण्याची वाट. खंडव्यापर्यंतची आपली मीटरगेज आता संपली, पाताळपाणी ते कालाकुंड एवढीच जुनी गाडी हौशी लोकांसाठी ठेवली आहे. आजोळी जाताना बाबा धावत उतरून पळसाच्या पानातला कलाकंद आणायचे आणि गाडी सुटेल म्हणून मी खिडकीत रडायचे, आठवतं? तो कलाकंद अजून मिळतो, पानातच.

जानापावलाही गेले होते. आई, चंबळ तिथे उगम पावते, डोंगरावरच्या एका लहानशा कुंडातून. दिल्लीला जाताना मुरैन्याच्या पुलावर गाडी आली की तू मला नाणं द्यायचीस, आणि मी डोळे गच्च मिटून टाकायचे. तीच चंबळ. कुंडापाशी मी तुझ्या नावाने हात जोडले. मग तिथेच बसून पोळी-भाजी खाल्ली, लिंबाचं लोणचं तुझं होतं.

जेवणाचं निघालंच आहे म्हणून. डबा घरून असतो, उघड्यावरचं खात नाही. पाणी तीन लिटर, पाठीवरच्या पिशवीत, नळी तोंडापाशी. हेल्मेट आयएसआयचंच आहे, छातीला-पाठीला कवच, कोपर-गुडघ्यांना वाट्या, नडगीपर्यंतचे बूट. घालायलाच इतका वेळ लागतो की तेवढ्यात तुझ्या चार पोळ्या होतील. डोंगरात एकटी कधी जात नाही. बँकेतली एक मैत्रीण आणि तिचा नवरा असतात, दोघंही माझ्यापेक्षा भित्रे. निघताना दादाला लोकेशन लावून देते, अंधाराआधी घरी असते, पोचले की तुला फोन करते. नदीचं पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर परत फिरते.

आणि ग्वाल्हेरला येईन ती रात्रीच्या रेल्वेने, खालच्या बर्थवर, पांघरूण घेऊन. पाचशे किलोमीटर गाडीने येणार नाही, हा शब्द.

बाबा, हे वेड आलं कुठून ते तुम्हाला माहीत आहे. रविवारी सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या चौकात तुम्ही राजदूतचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचात आणि मला फुंकर मारायला सांगायचात. माझ्या फुंकरीने गाडी सुरू होते असं मला फार वर्षं वाटत होतं. तुम्ही कधी खरं सांगितलं नाहीत. अजूनही चेन साफ करून तेल देताना, हातांना तो वास लागला की तुम्ही शेजारी उकिडवे बसला आहात असं वाटतं, आणि मग मी काम उगाच लांबवते.

आता तुम्ही दोघांनी माझं ऐकायचं. बाबा, टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर चढायचं नाही. तो पाण्याचा अलार्म मी दोनशे रुपयांत घेऊन दिलाय, तो डब्यात का आहे? दादाला सांगून आजच लावून घ्या. डोळ्याची तारीख पुढे ढकलायची नाही, मी रजा टाकली आहे, ती मंजूरही झाली. आई, बीपीची गोळी सकाळची म्हणजे सकाळची, पूजेनंतरची नाही, देव थांबेल. मीठ कमी, पापड बंद. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवणारा माणूस शुक्रवारी येतोय, ‘आम्ही काय म्हातारे झालो का’ म्हणून त्याला परत पाठवू नका. पैसे दिलेले आहेत.

रागावले नाहीये. तुम्ही मला फोनवर ‘हळू चालव’ म्हणता ना, तेच मी तुम्हाला म्हणते आहे, इतकंच.

एक मागणं आहे. राजदूतबरोबरचा तुमचा पान्यांचा निळा डबा कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पिंपामागे असेल. दादा पुढच्या महिन्यात इंदूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवाल? आजकालचे पाने पहिल्याच आवळ्यात नटाच्या कडा गोल करतात. आणि १०-११ चा रिंग पाना आईने खलबत्त्याच्या डब्यात ठेवलाय, तोही आठवणीने त्यात घाला.

तुमची
छकुली

ता. क. आई, पत्र वाचून झालं की फोन कर. गप्प बसलीस तरी चालेल, पण कर.