काका, फायरवॉल पुन्हा चालू केल्याबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

काल नानांनी खालच्या कॉम्प्युटरवर फवारणीची नोंद केली, फाइल बंद केली, आणि वर माझ्या खोलीत मी ती लगेच उघडून पाहिली. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला जिन्यात भेटून नुसतं 'थँक्यू' म्हणून भागणार नाही.

आमच्या दिंडोरीच्या बागेतली द्राक्षं युरोपला जातात. कोणतं औषध, किती मात्रा, कधी मारलं, फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे पीएचआयचे दिवस भरले का, सगळं नोंदीत चोख लागतं. डिसेंबरात वरच्या मजल्यावर वाय-फाय पोचेना म्हणून आम्ही दुसरा राउटर बसवला आणि त्या दिवसापासून नानांना माझ्याकडचा फोल्डर उघडेना. मग पेनड्राइव्ह घेऊन जिन्यात फेऱ्या. एकाच फाइलच्या दोन प्रती झाल्या. एक फवारणी एकीत होती, दुसरीत नव्हती. त्या रात्री नाना नीट जेवलेसुद्धा नाहीत.

तुमच्याआधी एकांना दाखवलं होतं. त्यांनी कॉम्प्युटरची राखण करणारी फायरवॉल बंद केली, एसएमबी १ ही फाइल वाटून घ्यायची जुनी पद्धत चालू केली. फोल्डर काही उघडला नाही.

तुम्ही आलात आणि आधी कागद मागितलात. दोन्ही कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून त्यांचे नेटवर्कवरचे पत्ते लिहायला लावलेत. नानांचा १९२.१६८.१ ने सुरू होणारा, माझा १९२.१६८.० ने. "दोघं वेगवेगळ्या गल्लीत राहताय. मधल्या दाराची कडी तुझ्या बाजूने आहे, तू बाहेर येशील, नानांना आत येता येणार नाही." महिनाभराचं कोडं मला त्या एका वाक्यात उलगडलं. वरच्या राउटरचा पत्ता बदलून तुम्ही त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद केलंत, केबल वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कच्या, खाचेतून काढून लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, खाचेत लावलीत, आणि दोघं एका गल्लीत आलो.

तरीही दार उघडेना. विंडोजने नेटवर्क नवं समजून 'पब्लिक', म्हणजे परक्यांचं, धरलं होतं. ते 'प्रायव्हेट' केलंत. पासवर्ड विचारल्यावर मी नानांकडून माझा पिन टाकून घेत होते. पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही माझ्या कॉम्प्युटरवर नानांसाठी वेगळं खातं काढलंत आणि तेवढ्या एका फोल्डरची परवानगी शेअरिंगमध्येही दिलीत, सिक्युरिटीमध्येही.

काम तिथेच झालं होतं. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते, काकू खालून दोनदा हाक मारून गेल्या होत्या. पण तुम्ही उठला नाहीत. फायरवॉल परत चालू केलीत, एसएमबी १ काढून टाकलंत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस त्याच जुन्या वाटेने जगभरच्या कॉम्प्युटरांत घुसला होता, हे नानांना समजावून सांगितलंत. तुमच्या उपकारांत मला सगळ्यात मोठा वाटतो तो हा. न केलात तरी आम्हाला कधी कळलं नसतं.

तुम्ही लिहून घेतलेला कागद मी राउटरच्या मागे चिकटवून ठेवलाय. पहिल्या तोडीची पेटी नाना स्वतः घेऊन येणार आहेत. काकूंना नमस्कार सांगा.

तुमच्या वरच्या मजल्यावरची,
नानांची सून
गंगापूर रोड, नाशिक