चुलीपुढचा शॉट ठेव

पुणे,
१४ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दोन वर्षं जेजुरीला खेपा घालून तू वाघ्या-मुरळीवर फिल्म केलीस आणि पैसे देणाऱ्यांनी ती कपाटात टाकली. "आम्हाला जागरण हवं होतं, यात स्वयंपाकच फार" हे त्यांचं म्हणणं वाचून रात्री झोप लागली नाही. वर तू लिहितोस, आता कॅमेऱ्याला हात लावणार नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

लेस ब्लँक या अमेरिकन माहितीपटकाराबद्दल तुला सांगायचं राहूनच गेलं. १९३५ साली फ्लोरिडातल्या टँपाचा जन्म. पोटासाठी त्यानं कंपन्यांच्या फिल्म केल्या, एक तर कोंबड्यांच्या व्यवसायाची. आणि जीव रमला तो टेक्सास-लुइझियानातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत. ह्यूस्टनला ब्लूज गायक लाइटनिंग हॉपकिन्सकडे गेला, तर पहिल्याच दिवशी दहाएक गाणी म्हणून तो म्हणाला, झालं, आता निघा. मग दोघं पत्ते खेळायला बसले. ब्लँक पैसे हरला, हॉपकिन्स खूश झाला आणि मुक्काम लांबला. त्या फिल्ममध्ये गाण्याइतकीच ती वस्ती, तिथले रस्ते आणि माणसं आहेत.

तुला मुद्दाम दाखवायची आहे ती १९७६ची 'चुलास फ्रोंतेरास'. टेक्सास-मेक्सिको सरहद्दीवरचं अकॉर्डियनचं संगीत, शेतात तोडणी करणारे मजूर, आणि लिडिया मेंदोसा ही मोठी गायिका घरच्यांबरोबर तमालेस हा मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ करायला बसलेली. मक्याचं पीठ थापणारे तिचे हात बघितले की तिचा आवाज कुठून येतो ते कळतं. मी तरी असं गाणं दाखवलेलं दुसरीकडे पाहिलं नाही. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ही फिल्म घेतली गेली.

पण तुझ्या दुखण्याशी जोडलेली गोष्ट वेगळीच आहे. १९७२ साली रॉक गायक लिऑन रसेलनं त्याला स्वतःवर फिल्म करायला ओक्लाहोमात बोलावलं. ब्लँक दोन वर्षं तिथल्या तळ्याकाठी राहिला. फिल्ममध्ये लिऑन गातो, पण पिल्लू गिळणारा सापही आहे, काच चावून खाणारा माणूस आहे, पाडली जाणारी इमारत बघायला जमलेली गर्दी आहे. लिऑनला ती आवडली नाही. फिल्म अडकली. स्वतः प्रिंट घेऊन हजर राहायचं आणि त्यावर नफा कमवायचा नाही, एवढ्या सवलतीवर तो ती मोजक्या ठिकाणी दाखवत राहिला. एप्रिल २०१३ मध्ये तो गेला. मुलानं, हॅरॉडनं, लिऑनशी पुन्हा बोलणी केली आणि २०१५ साली 'अ पोएम इज अ नेकेड पर्सन' लोकांसमोर आली. चाळीस वर्षं! मधल्या काळात ब्लँकनं न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुका टिपल्या, पेरूच्या जंगलात जर्मन दिग्दर्शक हेर्झोगच्या मागे फिरला, लसणावरसुद्धा फिल्म केली. ती दाखवताना थिएटरात मागे खरोखरच लसूण भाजायला ठेवायचा. पडद्यावरचा वास प्रेक्षकाच्या नाकात गेलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट.

तू मला कच्चं फुटेज दाखवलं होतंस ते आठवतं? रात्रभर जागरण झाल्यावर पहाटे ती मुरळी चुलीपुढे बसून भाकरी थापते, आणि बसलेल्या आवाजात रात्रीचंच पद गुणगुणते. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पैसेवाल्यांचं मन राखायला तू तो शॉट काढलास, असं लिहिलंयस. तो परत घाल. करारात काय लिहिलंय तेही मला दाखव, गावात फुकट दाखवायला त्यांची हरकत आहे का ते नीट वाचू. सगळ्यात आधी ही फिल्म त्या मुरळीच्या अंगणात, तिच्यासमोर लागायला हवी.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतोय. हार्ड डिस्क काढून ठेव, दोन दिवस बसू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळ्या