खासदार कमी करण्याआधी समित्यांचा हिशेब मांडा

महोदय,

‘खासदार कमी करा, खर्च वाचेल’ ही मागणी अधूनमधून पुढे येते आणि दाखला इटलीचा दिला जातो. तेथे सप्टेंबर 2020 च्या सार्वमतात सुमारे 70 टक्के मतदारांनी कपातीला कौल दिला. कनिष्ठ सभागृह 630 वरून 400 वर, सिनेट 315 वरून 200 वर आले. पुढचे मात्र फारसे सांगितले जात नाही. उंब्रिया, बासिलिकाता या छोट्या प्रांतांचे सिनेटर प्रत्येकी 7 चे 3 झाले. तीनच जागा असल्या की लहान पक्षांचा तेथे निभाव लागणे कठीण. शिवाय सिनेटला स्थायी समित्या 14 वरून 10 वर आणाव्या लागल्या.

खरी गोम समित्यांतच आहे. विधेयक सभागृहात मंजूर होते, पण समितीकडे पाठवले तर त्याचे कलमन् कलम बारकाईने तपासले जाते ते तेथे. आपल्याकडे खातेनिहाय 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य: 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. म्हणजे एकट्या लोकसभेतून 504 जण हवेत, आणि मंत्र्यांना या समित्यांवर घेता येत नाही. लोकलेखा समितीचे 15 आणि अंदाज समितीचे 30 यात धरलेलेच नाहीत. त्यामुळे आज 543 जणांतही ही भरती जेमतेम होते. सभागृह 400 चे केले आणि त्यातले 50 मंत्री झाले, तर 504 जागांसाठी उरतात 350. बऱ्याच जणांच्या गळ्यात दोन-दोन समित्या येतील. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासायच्या असतात. तेव्हा दोन्ही बैठका एकाच दिवशी आल्या की एकीला गैरहजेरी ठरलेली. गणपूर्तीला 11 सदस्य लागतात, तेही जमवावे लागतील.

मतदारसंघांचे काय? 2011 च्या जनगणनेनुसार एका खासदारामागे सरासरी 22 लाख लोक आहेत. ते 30 लाख होतील. गोव्याच्या दोन जागांची बहुधा एकच उरेल. महाराष्ट्राच्या 48 पैकी सुमारे 35 राहतील. आज प्रत्येक लोकसभा मतदारसंघात 6 विधानसभा मतदारसंघ बसतात. 288 ला 35 ने नि:शेष भागच जात नाही, त्यामुळे हद्दी मुळापासून आखाव्या लागतील.

बचतीत खासदार निधीचे वर्षाला 5 कोटी धरणे तर चूकच. तो पैसा मतदारसंघातल्या कामांचा आहे, खासदाराचा नव्हे.

कपातीचा प्रस्ताव कोणी आणलाच, तर किती समित्या राहणार, प्रत्येकीत किती सदस्य आणि एका खासदाराकडे जास्तीत जास्त किती, हे त्याच मसुद्यात लिहून द्यावे.

– एक वाचक, सांगली