सव्वा महिन्याचा पेशवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन मेणवलीला गेले होते. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, मेणेश्वराजवळची वसईहून आलेली घंटा, सगळं पाहून झालं. माहिती सांगणाऱ्याने नानांची हुशारी रंगवून सांगितली, साडेतीन शहाण्यांतले अर्धे तेच हेही सांगितलं, शिवाय इथे सिनेमांचं चित्रीकरण कुठे झालं तेही. पण ज्या मुलाच्या नावाने नानांनी वीस वर्षांहून जास्त कारभार हाकला, त्या सवाई माधवरावाचं नाव एकदाही निघालं नाही. मला ते फार लागलं.

१८ एप्रिल १७७४ ला हे मूल पुरंदरावर जन्मलं. वडील नारायणराव त्याआधी साडेसात महिने शनिवारवाड्यात मारले गेले होते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही. गंगाबाईंचा तो सव्वा महिना होतो न होतो तोच पाळण्यातलं बाळ पेशवा झालं. पेशवेपदाची वस्त्रे आली ती साताऱ्याहून, छत्रपती रामराजांकडून. ते रामराजेही नावापुरतेच गादीवर. सत्ता कारभाऱ्यांच्या हाती. ज्याला स्वतःला काही ठरवता येत नव्हतं, त्याने ज्याला अजून मान धरता येत नव्हती त्याला वस्त्रे पाठवली. साताऱ्यात राहून हे आपण कधी मुलांना सांगतो का? १७७७ मध्ये गंगाबाईही गेल्या.

नानांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. नाना जन्माने साताऱ्याचेच. बारभाई, म्हणजे या बाळाच्या बाजूने एकत्र आलेले कारभारी, उभे राहिले नसते तर गादीवर हक्क सांगणाऱ्या राघोबादादांपुढे, नारायणरावांच्या काकांपुढे, या बाळाचा निभाव लागला नसता. इंग्रजांशी लढाई झाली, १७८२ ला सालबाईचा तह झाला, आणि गादी टिकली. पण मूल वाढवणं आणि गादी सांभाळणं या दोन गोष्टी वेगळ्या. माधवराव विशीत आले, १७९५ च्या मार्चात खर्ड्याच्या मोहिमेवर गेले, तरी निर्णय नानांचेच. शिवनेरीवर अटकेत असलेल्या चुलत्याला, राघोबादादांच्या मुलाला बाजीरावाला, माधवरावांनी चोरून पत्रं धाडली, ती उघडकीस आली आणि पहारा आणखी कडक झाला. आपल्याच वयाच्या नातेवाइकाशी दोन शब्द बोलावेसे वाटणं हाही गुन्हा ठरावा! त्याच वर्षी ऑक्टोबरात ते शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. तापाच्या भरात तोल गेला की त्यांनी स्वतः उडी घेतली, यावर आजही मतभेद आहेत. वय अवघं एकवीस.

मेणवलीच्या घाटावर या मुलाच्या नावाचा एक छोटा फलक लावावा, अशी संबंधितांना आपल्या पत्राद्वारे विनंती. जन्म-मृत्यूची वर्षं आणि वस्त्रे साताऱ्याहून गेली, एवढं लिहिलं तरी चालेल. मजकूर मी लिहून देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, शनिवार पेठ, सातारा