माया बेचे जुने छायाचित्र

माननीय संपादक,
स. न.

थायलंडच्या सहलीत फुकेतहून स्पीडबोटीने फी फी ले बेटावरील माया बे पाहण्याचा योग नुकताच आला. तेथे आमच्याच गटात झालेल्या वादाविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

या उपसागरात आता समोरून बोट नेता येत नाही. बेटाच्या मागच्या अंगाला लोह समाह येथे तरंगत्या धक्क्यावर उतरून, झाडीतल्या लाकडी पायवाटेने पलीकडे जावे लागते. चुनखडीच्या उभ्या कड्यांनी वेढलेले ते हिरवे-निळे पाणी समोर आले आणि सारेच क्षणभर गप्प झाले. मात्र पाण्यात गुडघ्यापर्यंतच उतरता येते, पोहण्यास मनाई आहे, असे कळताच काही सहप्रवासी संतापले. एक गृहस्थ तर मुलाला घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेले. रक्षकाने शिट्टी वाजवून त्यांना परत बोलावले, तेव्हा सगळा राग आमच्या तरुण थाई मार्गदर्शकावर निघाला. त्याचा त्यात काय दोष होता?

2000 साली प्रदर्शित झालेल्या एका चित्रपटामुळे हे ठिकाण जगभर गाजले आणि पुढे दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे येथे येऊ लागली. बोटींचे नांगर, पंखे आणि ढवळला जाणारा गाळ यांमुळे तेथील बहुतेक प्रवाळ नष्ट झाले. जून 2018 मध्ये चार महिन्यांसाठी म्हणून बंद केलेला हा किनारा प्रत्यक्षात 1 जानेवारी 2022 रोजी उघडला. दरम्यान प्रवाळाची नव्याने लागवड झाली आणि पंखांची टोके काळी असलेल्या मुशी (लहान शार्क मासे) उथळ पाण्यात परतल्या. आम्ही उभे होतो तेथून काही हातांवरच त्यांची दोन पिल्ले फिरत होती. एवढे पाहिल्यावर पोहायला मिळाले नाही याचे मला तरी काहीच वाटले नाही.

तरीही सहप्रवाशांची तक्रार मी सर्वस्वी चुकीची मानत नाही, कारण सहल आयोजकांच्या माहितीपत्रकात याच पाण्यात पोहणारे पर्यटक आणि वाळूला लागलेल्या बोटी यांचे छायाचित्र होते. ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये माया बे दरवर्षी बंद असतो, प्रवाळास घातक अशी चार रसायने असलेले सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत 2021 पासून वर्ज्य असून त्यासाठी एक लाख बाटपर्यंत दंड होऊ शकतो, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. लाटांवर स्पीडबोटीचा पुढचा भाग जोरात आदळतो, त्यामुळे पाठीचा विकार असलेल्यांनी मागे बसावे, हेही कोणी सांगितले नाही. आमच्यातील एका ज्येष्ठ बाईंना परतीच्या प्रवासात त्याचा फार त्रास झाला.

ही माहिती पैसे भरण्यापूर्वीच लेखी द्यावी आणि ते जुने छायाचित्र पुढील हंगामाच्या माहितीपत्रकातून काढून टाकावे, अशी सर्व सहल आयोजकांना आपल्या वृत्तपत्रातून विनंती करीत आहे.

आपला,
एक वाचक