एका मोरीसाठी पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सतीश जारकीहोळी,
सार्वजनिक बांधकाम मंत्री, कर्नाटक राज्य,
तथा पालकमंत्री, बेळगाव जिल्हा

सप्रेम नमस्कार.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, ६ डिसेंबरला, आपण बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानभूमीत मुक्काम करता, तिथे कार्यक्रम घेता, लोकांसोबत जेवता. लोकांच्या डोक्यातली स्मशानाची भीती जावी म्हणून हे चालतं, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितोय. दुसऱ्या कुणा मंत्र्याला लिहिलं असतं तर दफनभूमीचा विषय म्हटल्यावर पहिल्या ओळीतच कागद बाजूला पडला असता.

मी खानापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातला. राहतो बेळगावात. आमचं गाव खानापूरच्या पुढे, नंदगडच्या अंगाला. नंदगडला आपण अनेकदा आला असाल. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ साली २६ जानेवारीला तिथे फाशी दिलं, त्यांची समाधी तिथेच आहे. तिथवर गाडी थेट जाते. आमच्या आईबाबांच्या कबरींपर्यंत जात नाही, आणि आता पायीही जाता येत नाही. तिथे एक मोरी, म्हणजे पाण्याच्या चरावरचा छोटा पूल हवा, एवढाच या पत्राचा विषय.

आमच्यात २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. सकाळी सात वाजता फादर सिमेत्रीत, म्हणजे दफनभूमीत, मिस्सा (प्रार्थनाविधी) करतात, मग एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात. आदल्या आठवड्यात घरच्यांनी गवत काढलेलं असतं. चिऱ्याच्या कबरींना चुना दिलेला असतो. मेणबत्त्या वाऱ्याने विझू नयेत म्हणून आई नारळाच्या करवंट्या आणायची. त्यात मेणबत्ती उभी केली की निवारा होतो. ती गेली २०११ साली. करवंट्यांची ती पिशवी अजून आमच्या डिकीत असते.

आदल्या दिवशी १ नोव्हेंबर. कर्नाटकाचा राज्योत्सव. आणि १९५६ साली हा भाग त्या राज्यात गेला म्हणून सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिन. हे आपल्याला रुचणार नाही, पण खोटं कशाला लिहू? बाबा खानापुरात कौलांच्या कारखान्यात हिशेबनीस होते. १ तारखेला बेळगावला येत आणि दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालत. एका वर्षी फीत सोडायची विसरले आणि दुसऱ्या दिवशी तशीच घेऊन सिमेत्रीत उभे राहिले. आमच्यात दुखवट्यालाही काळी फीत बांधतात. फादरांनी हळूच विचारलं, घरात कोण गेलं? बाबांनी दंडाकडे बघितलं, जरा ओशाळले आणि म्हणाले, "कालची राहिली, फादर." फादर मंगळुरी, कन्नड-कोंकणी बोलणारे. त्यांनी काही न बोलता बाबांच्या खांद्यावर पाणी शिंपडलं आणि पुढच्या कबरीकडे गेले.

सीमावादाचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे राहू दे. या पत्रात मी त्यातलं काही मागत नाही. मला मोरी हवी आहे.

गावच्या रस्त्यापासून सिमेत्रीपर्यंत एक गाडीवाट होती. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. शवपेटी या वाटेने जायची. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंत्राटदाराने छातीइतका भराव टाकला, बाजूने पावसाच्या पाण्यासाठी खोल चर मारला, आणि आमच्या वाटेचं तोंड त्या चरात गेलं. इकडचा पाऊस आपल्याला सांगायला नको, मलप्रभा नदी उगम पावते ते कणकुंबी याच तालुक्यातलं. नोव्हेंबरातसुद्धा चराच्या तळाला गुडघाभर चिखल असतो. शेजारच्या शेताला जायला मोरी टाकली आहे. आमच्या वाटेवर टाकली नाही. रोज जाणारं कुणी नाही, वर्षातून एकदा मेणबत्त्या आणि मधूनमधून एखादी पेटी, म्हणून ती कुणाच्या ध्यानात आली नसावी. कुणाचं नाव घेऊन बोट दाखवायला मी बसलेलो नाही.

पहिल्या वर्षी आम्ही फळी टाकून गेलो. मागच्या वर्षी फळी मधोमध मोडली. माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू. तिचा नवरा, तिचा थोरला मुलगा आणि माझे आईबाबा, सगळे तिथेच. ती गाडीत बसून राहीना. शेवटी गावातल्या एका घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली, तिला त्यात बसवलं आणि चार पोरांनी खुर्ची उचलून चरातून पलीकडे नेली. दोघं चिखलात मांडीपर्यंत. आत्याने एका हाताने खुर्चीचा हात धरलेला, दुसऱ्या हातात झेंडूची परडी. पलीकडे टेकल्यावर म्हणाली, "मेल्यावर उचलून न्यायचं असतंय रे. मला जित्तेपणीच नेलासा व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. नंतर आईच्या कबरीपाशी उभा असताना माझ्या लक्षात आलं की आत्या गेली तर तिची पेटी इथे कशी आणायची, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही.

वाटेच्या दोन्ही बाजूंची शेतं एका मराठा शेतकऱ्याची. सुगी ऐन भरात असते तेव्हाच आमचा हा दिवस येतो. गेली कित्येक वर्षं तो बांधालगतच्या पाच-सहा ओळी चार दिवस आधी कापून ठेवतो, आम्हाला चालता यावं म्हणून. मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "जावा की. वाट काय माझ्या बापाची हाय?" सरकारी कागदावर ती कुणाची आहे हे शोधायला मात्र मला सात महिने लागले. नकाशाची नक्कल निघाली, त्यात गाडीवाट ठिपक्यांनी दाखवलेली आहे. मी अर्ज मराठीत दिला होता, उत्तर कन्नडमध्ये आलं. मी मराठी शाळेत शिकलेला, अक्षरं लागतात पण सरकारी कन्नड कळत नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राने १९५६ सालीच ठरवलं होतं. माझं पत्र म्हणजे काही महत्त्वाची सूचना नव्हे, जाऊ दे. मुलगी कन्नड माध्यमात शिकली, तिने वाचून दाखवलं: आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. संबंधित कार्यालय कुठलं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

आता परतीच्या नाश्त्याबद्दल. हे लिहू की नको, असा विचार करत होतो, पण आपल्या ६ डिसेंबरशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहितो.

आमची जुनी माणसं मिस्सा होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नसत. त्यामुळे सिमेत्रीतून निघेपर्यंत सगळ्यांच्या पोटात आग पडलेली. खानापुरात एका हॉटेलात थांबायचं, हे बाबांनी लावलेलं वळण. पुरी आणि पातळ भाजी, कुणाला इडली-वडा, बाबांना उप्पीट. आमच्या चपलांना लाल माती, हाताला मेण. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारायचंच, कुठून आलात? बाबा सरळ सांगायचे, सिमेत्रीतून. मग काही जण खुर्ची सरकवून घ्यायचे. अंघोळ न करता मसणातून थेट हॉटेलात! मला लहानपणी फार लाज वाटायची. एकदा एक म्हातारबा ताट अर्धं टाकून उठले. मालकाने त्यांच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पोऱ्याला ओरडून सांगितलं, "ह्यांना गरम पुऱ्या टाक." तेव्हापासून आमचं हॉटेल बदललं नाही.

आई आमच्याबरोबर हॉटेलात कधी बसायची नाही. ती सिमेत्रीतून गावातल्या बहिणीकडे जायची. बाबा तिच्यासाठी उप्पिटाचं एक पार्सल बांधून घ्यायचे आणि गाडी मागे वळवून देऊन यायचे. ती गेल्यानंतरच्या पहिल्या २ नोव्हेंबरला बिल देताना बाबा सवयीने म्हणाले, "आणि एक पार्सल." पोऱ्याने केळीच्या पानात बांधलं, वर वर्तमानपत्र, वर दोरा. बाबांच्या हातात दिलं तेव्हा त्यांना उमगलं. कुणी काही बोललं नाही. ते पार्सल मांडीवर घेऊन ते बेळगावपर्यंत आले. प्रभूनगर गेलं, देसूर गेलं, मच्छे, पिरनवाडी. घरी आल्यावर त्यांनी ते स्वतः खाल्लं, थंड झालेलं. २०१९ साली तेही आईशेजारी गेले.

त्यांची पेटी नेली तेव्हा वाट होती.

माझी मागणी मोठी नाही. चरात सिमेंटचे पाइप, वर गाडी पेलेल असा स्लॅब, रस्त्याच्या बाजूने भरावाला उतार. शेजारच्या शेताला जशी मोरी दिली आहे तशीच. नकाशाची नक्कल, अर्जाची पोच आणि चराचे फोटो आपल्या बेळगावच्या कार्यालयात देत आहे. कामाच्या पाहणीला कुणाला पाठवणार असाल तर एक विनंती: उन्हाळ्यात पाठवू नका. तेव्हा चर कोरडा असतो, धडधाकट माणूस उडी मारून पलीकडे जातो आणि शेरा लिहितो की अडचण दिसत नाही.

आपण स्वतः आलात तर उत्तम. २ नोव्हेंबरला पावणेसातला पोचावं लागेल, त्या वेळी धुकं असतं, पण रस्त्यावर उभ्या गाड्यांवरून जागा ओळखू येते. आत्या येणार म्हणते आहे. खुर्ची आम्ही या वर्षी घरूनच नेतोय, हातांची, जरा मजबूत. साडेआठनंतर हॉटेलात जागा मिळत नाही, तेव्हा फादरांचं झालं की लगेच निघावं लागेल.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक मराठी नागरिक