मावशींच्या वहीतली छत्री

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा हॉटेलात तू हसलीस, "बाबा, बिल यायच्या आधीच पाकीट काय काढून बसता!" चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

तुझे आजोबा लालबागला कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. आजी गावी, संगमेश्वरला. मी सहावीत मुंबईला आलो तो थेट आजोबांच्या गाळ्यावर. दहा बाय बाराची खोली, माणसं चौदा. दिवसपाळीवाले बाहेर पडले की रात्रपाळीवाल्यांना पाय पसरायला जागा. त्यांच्या भुवयांत कापूस अडकलेला असायचा. मी वळकटी गुंडाळायच्या आत कुणीतरी तिच्यावर आडवं झालेलं असे.

जेवण तळमजल्यावर मावशींच्या खानावळीत. त्यांना लिहिता येत नसे. वहीत प्रत्येकाची एक खूण. आजोबांची छत्री, कारण ते ती उन्हाळ्यातही सोडत नसत. पुढे दर जेवणाला एक उभी रेघ. पगार झाला की रेघा मोजायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत दोन-तीन महिन्यांत निकाल लावतील, असं खोलीत जो तो म्हणे. हळूहळू एकेक ट्रंक गावी गेली. छत्रीपुढे पानंच्या पानं रेघा भरल्या. मावशींनी पाटल्या गहाण टाकून तांदूळ आणले, हे मला फार उशिरा कळलं. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. आजोबांना मात्र गिरणीने परत घेतलं नाही. ते एका गोदामावर रात्रीचे वॉचमन झाले आणि दोन वर्षं रेघा फेडत राहिले.

शेवटचे पैसे द्यायला मी सोबत होतो. आजोबांनी बोट ठेवून रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. म्हणाले, "यात पोराचं जेवण नाही."

मावशी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोराचं कोण मांडतं?"

आजोबांना बरं वाटलं असेल असं तुला वाटेल. नाही. जिना चढून खोलीत येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

पहिल्या पगारात मी मावशींना लुगडं नेलं. त्यांनी ते फडताळात ठेवलं आणि मला बसवून बांगड्याचं तिखलं वाढलं. नको म्हणायची सोय नव्हती.

तुझ्या मेसचे पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आजच भरलेत. हस खुशाल.

तुझे बाबा